मालूची तेवीस दारं

मालू नाखवाला कंप्युटरमधलं काही कळत नाही, असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणत. सगळे म्हणजे दोघेच. मालक गोपीनाथ गुप्ते आणि मी. मालू स्वतःही तेच म्हणायची. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, आम्हा तिघांत त्या धंद्यातलं एकालाच काही कळत होतं, आणि तो मी नव्हतो.

ही ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. ठाण्याला नौपाड्यात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. विकायला माल एकच, त्याचं नाव 'दुभाष्या'. इंग्रजी नोटीस मराठीत करून देणारा प्रोग्राम. त्यात चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर 'दुभाष्या' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, पुढे नोटिशीच्या फाइलचं नाव द्यायचं, एंटर दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. चहा संपेपर्यंत नोटीस मराठी होऊन पडलेली असे. ते मराठी कसलं असे, हे मात्र विचारू नका. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात 'लेट कमर्स विल बी मार्क्ड अ‍ॅब्सेंट' या ओळीचं दुभाष्याने 'कैलासवासी येणाऱ्यांची गैरहजेरी लागेल' असं करून ठेवलं, आणि तिथले टाइमकीपर दाजी पाटील यांनी न वाचता ते गेटवर लावलं. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कामगारांनी नोटिशीला हार घातला.

दुभाष्या मी लिहिला होता. मी सीताराम, कल्याण पूर्वेला कोळसेवाडीच्या चाळीत वाढलेला, आमच्या बुद्धविहाराच्या फळ्यावर ज्याचं नाव 'डिप्लोमा पास' म्हणून खडूने लिहिलं गेलं तो पहिला. फळा आठ दिवसांनी पुसला गेला, पण माझी मान ताठ राहिली ती राहिलीच. कैलासवासींचा दोष मी शब्दकोशावर ढकलला. शब्दकोशही मीच भरला होता, पण तो बिचारा उलट बोलत नाही.

तर अशा प्रोग्रामला दर महिन्याला दुरुस्ती लागे. आज ती तारेतून येते म्हणतात. तेव्हा ती पायांनी जायची. ठाण्यात आमची नऊ गिऱ्हाइकं होती, डोंबिवलीत सहा, कल्याणला सात आणि टिटवाळ्याला एक. तेवीस ऑफिसं. प्रत्येक ठिकाणी फ्लॉपी घेऊन कोणीतरी जायला हवं. त्यासाठी गुप्त्यांनी मालूला ठेवलं.

मालू कोपरीच्या बाजूची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. तिची आई चंद्रभागा नौपाड्यातल्या इमारतींमध्ये मासे विकायची. खाडीत मासे उरले नाहीत तेव्हापासून पहाटे मुंबईला धक्क्यावर जाऊन माल आणायची आणि दहाच्या सुमाराला डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरायची. गुप्त्यांच्या घरी ती वीस वर्षं येत होती. तिच्या मानेचे मणके घासलेत, आता वजन उचलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती गुप्तेवहिनींच्या दारात बसून म्हणाली, "माजी मान गेली ती गेली. पोरीची नको जायला. काय तरी बघा वयनी." वहिनींनी साहेबांना सांगितलं आणि पुढच्या सोमवारी मालू ऑफिसात आली. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. नोकरी टिकली तर ठीक, नाहीतर ती पाटी मालूच्या डोक्यावर यायची, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

चंद्रभागामावशींची एक रीत होती, ती मी साहेबांच्या घरी स्वतः पाहिली आहे. मालू ऑफिसात यायच्या आधी, एकदा रविवारी मी तिथे काही कागद घेऊन गेलो होतो. मावशी आल्या त्या रिकाम्या हाताने. दारातूनच म्हणाल्या, "वयनी, कालचा बांगडा ऱ्हायला असंल तर टाकून द्या. बर्फ जुना व्हता, मना घरी जाऊन कललं." वहिनी म्हणाल्या, अहो, आम्ही कालच खाल्ला, कोणाला काही झालं नाही. "नाय झाला ते देवाची किरपा," असं म्हणून मावशी समोरच्या दाराकडे वळल्या. त्या पाटीतला बांगडा ज्या ज्या घरी गेला होता तिथे तिथे मावशी त्या दिवशी हिंडल्या. तक्रार कोणाचीच नव्हती. वहिनी मला म्हणाल्या, "हिचं हे असंच. गिऱ्हाइकाला कळायच्या आधी हिला सांगायचं असतं." मला तेव्हा गंमत वाटली. धंदा करायचा आणि आपणच आपल्या मालाला नावं ठेवत फिरायचं, याला काय म्हणावं, असं माझ्या मनात आलं.

मालूचं काम तसंच दारोदारचं. तिच्याकडे कडीचा एक चपटा स्टीलचा डबा होता. त्यात रुमालात गुंडाळून दोन फ्लॉप्या असत. तेव्हाच्या फ्लॉप्या मोठ्या आणि पापडासारख्या पातळ. कडेला एक छोटी खाच असे. खाचेवर चिकटपट्टी लावली की मशीन त्या फ्लॉपीतून फक्त वाचू शके, तिच्यावर काही लिहू शकत नसे. एक फ्लॉपी द्यायची, तिच्यावर महिन्याची दुरुस्ती असे आणि खाचेवर पट्टी असे. दुसरी घ्यायची, ती उघडी. दुभाष्याला न कळलेले शब्द प्रत्येक ऑफिसच्या मशीनमध्ये साठत. ते त्या उघड्या फ्लॉपीवर भरून मालू माझ्याकडे आणी. मी ते शब्दकोशात घाली. डोंबिवलीच्या कारखान्यात अडलेला शब्द पुढच्या महिन्यात कल्याणच्या वकिलाच्या ऑफिसात आपोआप सुटे. मालू ते शब्द एका वहीतही लिहून ठेवायची. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "कोणाला काय लागतं ते लक्षात ऱ्हातं, दादा."

आता माझं वाक्य सांगतो. त्र्याण्णवच्या जुलैत मी कामाने वैतागलो होतो. दर महिन्याला दोन फ्लॉप्या तयार करा, दोन तपासा, घ्यायची आणि द्यायची यांची सरमिसळ झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी मालूला म्हटलं, "अगं, ही पट्टी काढून टाक. एकाच फ्लॉपीवर दे आणि तिच्यावरच घे."

ती म्हणाली, "पण तुम्हीच बोललेले ना, पट्टी काढायची नाय म्हणून?"

"मीच बोललेलो. आता मीच सांगतोय, काढ."

तिने नखाने पट्टी काढली आणि माझ्या टेबलाच्या कडेला चिकटवली. का कोण जाणे, ती फेकली नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून सोळा नोव्हेंबरला, मंगळवारी, आम्ही ऑफिस उघडलं. सुट्टीत पुण्याच्या एका मित्राने मला व्हायरस शोधून काढणारी एक फ्लॉपी दिली होती. व्हायरस हा शब्द तेव्हा नवा होता. कंप्युटरला सर्दी होते का, असं लोक हसत विचारत. मी हौस म्हणून ती फ्लॉपी मालूच्या फ्लॉपीवर चालवली, आणि पडद्यावर तांबडी ओळ आली.

दुपारपर्यंत सगळं कळलं. चार महिन्यांपूर्वी कुठल्यातरी एका ऑफिसातल्या मशीनमध्ये तो होता. आमची फ्लॉपी उघडी होती, म्हणून तो तिच्यावरच्या दुरुस्तीला चिकटला. पुढच्या दारी ती दुरुस्ती चालवली की तो तिथे उतरला. असा तो चार महिने मालूच्या डब्यातून घरोघर गेला. जिथे गेला तिथे तो गपचूप बसून होता आणि पंचवीस नोव्हेंबरची वाट बघत होता. त्या दिवशी जे मशीन सुरू होईल त्याच्या आतलं सगळं पुसलं जाणार होतं. हजेरीपटापासून खटल्यांच्या कागदांपर्यंत सगळं. हातात नऊ दिवस होते.

गुप्तेसाहेब उठून माझ्या टेबलाशी आले. वाईट माणूस नव्हता तो. नोकरी सोडून पन्नाशीत धंदा काढलेला, रोज सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळणारा. त्यांनी फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "हिची पट्टी कोणी काढली?"

मालूने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत होतो. पडद्यावर काही नव्हतं.

"मी काढली," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं. काढली तिनेच होती. मी तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण डिसेंबरात माझ्या बहिणीचं लग्न होतं आणि आमच्या घरातली एकमेव नोकरी माझी होती. हे मालूला ठाऊक होतं, कारण लग्नपत्रिकेचा मजकूर तिनेच टाइप केला होता. मी ते वाक्य गिळलं.

साहेब बराच वेळ तिला बोलले. मग त्यांनी बेत सांगितला. मी एका रात्रीत दुरुस्तीची नवी फ्लॉपी करायची. तिच्यात व्हायरस काढून टाकणारा भाग गुपचूप घालायचा आणि मालूने ती 'नवीन आवृत्ती' म्हणून तेवीस ठिकाणी चढवून यायची. व्हायरस हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. "आपल्याकडून गेला हे कळलं तर उद्या एकही गिऱ्हाईक राहणार नाही," ते म्हणाले.

मालूने विचारलं, "आणि त्यांच्या ड्रॉवरमधल्या फ्लॉप्या, साहेब?"

प्रश्न बरोबर होता. मशीन साफ केलं तरी त्या ऑफिसात चार महिन्यांत भरलेल्या फ्लॉप्यांवर तो असणारच. त्यातली एक आत घातली की पुन्हा होतं तेच. सांगितल्याशिवाय कोणी आपले ड्रॉवर उपसून देणार नव्हतं.

"ते त्यांचं ते बघतील," साहेब म्हणाले. "आणि मालू, बाहेर एक शब्द गेला तर परत यायचं नाही. सरळ सांगतोय."

बुधवारी सकाळी ती निघाली. पहिलं ऑफिस ठाण्यातच होतं. तिथे तिने साहेबांनी सांगितलं तसंच केलं. फ्लॉपी चढवली, नवीन आवृत्ती म्हणाली, सही घेतली. दुसऱ्या ऑफिसच्या जिन्यावर ती म्हणे अर्धा तास बसून राहिली. मग उठून आत गेली आणि सगळं सांगितलं. तिथलं काम संपवून पहिल्या ऑफिसात परत गेली आणि तिथेही सांगितलं. हे मला तिने नव्हे, त्या दोन्ही ऑफिसांतल्या माणसांनी नंतर सांगितलं.

शनिवारी डोंबिवलीला मी तिच्याबरोबर गेलो, कारण दिवस कमी पडत होते. दाजी पाटलांच्या कारखान्यात आम्ही पोचलो तेव्हा ते हजेरीपट तपासत होते. पन्नाशीचे, आवाज भोंग्यासारखा, डोंबिवलीजवळच्याच गावचे. मालूने डबा टेबलावर ठेवला. उघडला नाही. म्हणाली, "दाजी, आधी एक ऐका. तुमच्या मशीनमध्ये व्हायरस हाय. माझ्या डब्यातून आला. पंचवीस तारखेच्या आत काढला नाय तर हजेरी सगळी जाईल. मी काढून देते, पण तुमच्या सगळ्या फ्लॉप्या मला दाखवायच्या. कोणी घरी नेली असंल तर ती पण."

दाजींनी चष्मा काढला. "म्हणजे चार महिने तूच वाटत फिरत होतीस?"

"हां. मीच."

"आणि आम्ही तुला चहा पाजत होतो."

मी तिच्या शेजारी उभा होतो, एक हात अंतरावर. दाजींनी माझ्याकडे पाहिलंही, की हा बाबा काही बोलतोय का. मी फ्लॉप्या मोजायच्या निमित्ताने खाली वाकलो. दाजींनी तिला आणखी दोन वाक्यं सुनावली, त्यातलं एक लिहिण्यासारखं नाही. मग ड्रॉवर उघडले. एकेचाळीस फ्लॉप्या निघाल्या. सदतीसवर तो होता. मालूने प्रत्येक साफ केली आणि प्रत्येकीच्या खाचेवर पट्टी लावली. निघताना दाजी गेटपर्यंत आले आणि तिला म्हणाले, "पुन्हा येशील तेव्हा सरळ आत ये. सिक्युरिटीला सांगून ठेवतो." मला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय.

सोमवारी कल्याणच्या एका ऑफिसातून साहेबांना फोन आला. तिथल्या मालकाने बोल बोल बोलून दुभाष्या बंद केला. साहेबांनी फोन ठेवला, मालूची वाट पाहिली आणि ती येताच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." ती म्हणाली, "सहा दारं ऱ्हायलीत, साहेब." ते म्हणाले, "सीताराम करील." तिने डबा टेबलावर ठेवला. त्यातली आपली वही काढून घेतली आणि गेली. मी त्या वेळीही खुर्चीतच होतो. खुर्चीतून उठणं इतकं जड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

मंगळवारी मी डबा घेऊन टिटवाळ्याला गेलो, लांबचं आधी उरकावं म्हणून. तिथे नव्या इमारती बांधणाऱ्यांचं ऑफिस होतं आणि मशीनवर रंभाताई नावाच्या बाई बसत. मी फ्लॉपी काढली तर म्हणाल्या, "अहो, काल संध्याकाळी होऊन गेलं सगळं. तुमची मुलगी आली होती ना."

मी विचारलं, कोणती फ्लॉपी घेऊन? तर शनिवारी दाजींकडे चढवलेल्या नव्या दुरुस्तीची एक प्रत तिने दाजींकडूनच मागून घेतली होती. उरलेल्या पाच ठिकाणीही मी गेलो. काही ठिकाणी ती सोमवारी जाऊन आली होती, काही ठिकाणी त्याच सकाळी, माझ्या तासभर आधी. नोकरी गेल्यावर, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून. ज्यांनी दुभाष्या बंद केला होता त्यांच्याकडे ती दुसऱ्यांदा जाऊन राहिलेल्या फ्लॉप्या साफ करून आली होती. रंभाताई म्हणाल्या होत्या, "फार रडवेली झाली होती हो. माझ्या हातून झालं म्हणाली. लहान आहे, सांभाळून घ्या." मी त्यांना हो म्हटलं होतं.

संध्याकाळी मी कोपरीला तिच्या घरी गेलो. चंद्रभागामावशी ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या. बाजूला पाटी धुऊन पालथी घातली होती. मालूची उद्याची तयारी. पहाटे पहिल्या गाडीने तिला धक्क्यावर जायचं होतं. मला पाहून मालू आत गेली आणि चहा ठेवला.

मला बोलायचं होतं ते मी आईलाच बोललो, कारण मुलीकडे बघायची हिंमत नव्हती. म्हटलं, "मावशी, पट्टी मी काढायला सांगितली होती. चूक माझी आहे. तिने उगाच अंगावर घेतली."

"मना म्हाईत हाय," मावशी म्हणाल्या. त्यांचा हात थांबला नाही. "तिनं पैल्याच दिसी सांगितला." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मंग तू किती दारं फिरलास, बाला?"

मी सहा म्हणणार होतो. पण त्यांनी काय विचारलं होतं ते मला कळलं होतं.

चहा आला. मी तो प्यायलो आणि निघालो. मालू दारापर्यंत आली, म्हणाली, "बहिणीचं लग्न नीट पार पडू दे, दादा." यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

बुधवारी सकाळी मी साहेबांना सांगितलं. टेबलाच्या कडेला चिकटवलेली पट्टी अजून तिथेच होती, ती त्यांना दाखवली. साहेबांनी वाकून ती पाहिली. मग म्हणाले, "आता सांगतोस?" मला काढून टाकलं नाही. मला काढलं तर प्रोग्राम कोण दुरुस्त करणार होतं? हात जोडून सांगतो, हे मलाही मनातून ठाऊक होतं, आधीपासून. मी उगाच भ्यालो होतो. ज्याची नोकरी जाणार नव्हती तो गप्प बसला, आणि जिची जाणार होती ती बोलली. पण तिला परत बोलावतो, असंही साहेब म्हणाले नाहीत. शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

पंचवीस तारखेला सकाळपासून मी फोनजवळ बसलो. अकरापर्यंत एकेका ऑफिसातून निरोप आला. तेवीसच्या तेवीस मशीनं सुरू झाली. काहीही पुसलं गेलं नाही. बहुतेक फोनवर शेवटी एकच प्रश्न असे, मालू आहे का? तिला सांगा, चालू झालं म्हणून. साहेब स्वतः फोन घेत होते. "ती आज नाही," असं त्यांनी दहा-बारा वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली गेला. दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर समोरच्या इमारतीच्या जिन्यातून मालू उतरत होती, डोक्यावर पाटी, एक हात वर धरलेला. मी धावत खाली गेलो आणि सांगितलं, "तेवीस." तिने पाटी खाली ठेवली नाही. "टिटवाळ्याचं पण?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि पुढच्या दाराची घंटा वाजवली.

डिसेंबरात बहिणीचं लग्न झालं, आणि दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी महिन्याची दुरुस्ती माझ्या हाती दिली. मी डोंबिवलीला गेलो. सिक्युरिटीने मला गेटवर थांबवून ठेवलं. दाजी बाहेर आले, माझ्या हातातला डबा त्यांनी ओळखला आणि विचारलं, "ती कुठाय?"

मी सांगितलं. तिला नोकरीवरून काढलं तेही सांगितलं, आणि चिकटपट्टीचंही सांगितलं. म्हटलं, दाजी, खरा दोष माझा होता. मला वाटलं, खरं बोललं की माणसं मऊ होतात. मालूच्या बाबतीत तसंच झालं होतं ना.

दाजींनी शांतपणे ऐकलं. भोंग्यासारखा आवाज त्यांनी त्या दिवशी लावलाच नाही. म्हणाले, "त्या शनिवारी तू तिच्या बाजूला उभा होतास. मी तिला नाय नाय ते बोललो, आणि तू खाली वाकून फ्लॉप्या मोजत होतास. तेव्हा बोलला असतास तर आज तुझी फ्लॉपी घेतली असती. आता नाय. तिला पाठवा. ती घालील ती फ्लॉपी आमच्या मशीनमध्ये जाईल, दुसरी नाय."

मला वाटलं, हा एकटा म्हातारा हट्टी आहे. पण त्या आठवड्यात अकरा ऑफिसांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. कोणी गोड शब्दांत, कोणी चहा देऊन. वाईट बातमी गिऱ्हाइकाला कळायच्या आधी जी दारात येऊन सांगते, तिच्या डब्यावर माणसं विश्वास ठेवतात. दुभाष्यावर आमच्या कोणाचाच विश्वास नव्हता, गेटवर हार घालून घेतलेल्या प्रोग्रामवर कोण ठेवणार? गिऱ्हाइकं टिकली होती ती मालूमुळे.

गुप्तेसाहेब शेवटी वहिनींना बरोबर घेऊन कोपरीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाच्या दारात उभं राहून चुकलं म्हटलं असेल. चंद्रभागामावशींनी त्यांना ओट्यावर बसवलं, वहिनींची विचारपूस केली आणि म्हणाल्या, "पोर येईल. पन साहेब, तिचं त्वांड बांदायचं नाय."

मालू सोमवारी आली. पाटी पुन्हा पालथी झाली, ती कायमची. पुढे सहा वर्षं तिने तेवीसची चाळीस दारं केली. नव्व्याण्णवमध्ये आमचं दुकान बंद झालं. लोकांना काळा पडदा नको झाला होता. दाजी तेव्हा निवृत्तीला आले होते, त्यांनी जाण्याआधी मालूला आपल्या कारखान्यात कंप्युटरच्या खोलीत लावून दिलं. तिथे कोणाचीही फ्लॉपी तिला दाखवल्याशिवाय मशीनमध्ये जात नसे, मॅनेजरचीसुद्धा नाही. आई तिच्याकडेच राहिली, मानेला पट्टा लावून, सुनावायला मोकळी.

त्या सहा वर्षांत मालू मला त्या दिवसांबद्दल एका शब्दाने बोलली नाही. दादा म्हणायची, चहा विचारायची, माझ्या मुलाच्या बारशाला स्वेटर विणून घेऊन आली. पुन्हा दोन फ्लॉप्या झाल्या होत्या, एक द्यायची आणि एक घ्यायची. दर महिन्याला मी द्यायची फ्लॉपी तयार करून, खाचेवर स्वतःच्या हाताने पट्टी लावून तिच्यापुढे ठेवत असे. ती फ्लॉपी उचलायची, माझ्यासमोरच खाचेवरून अंगठ्याचं नख फिरवायची, पट्टी आहे याची खात्री करायची आणि मग डब्याची कडी लावायची. पुढे लहान फ्लॉप्या आल्या. त्यांना पट्टी नव्हती, एक छोटी सरकती खिडकी होती. तिच्यावरूनही ती नख फिरवायची.